ताजा कलम

परदेशात, क्लेमेंटीतल्या भाड्याच्या खोलीत बसून मी अठराव्या शतकातल्या एका डॉक्टरची पत्रं वाचत असे. माझी पीएचडीच त्यावर होती. हा गृहस्थ रोग्याला न बघताच टपालाने औषध सांगायचा. रोगी पानभर अपचनाबद्दल लिहायचा आणि खरं दुखणं अगदी शेवटी, ताज्या कलमात, सहज म्हणून. डॉक्टर औषध द्यायचा ते अपचनावर. पुढचं पत्र यायचं ते विधवेचं. मला भयंकर संताप यायचा. अरे मेल्या, शेवटची ओळ वाच ना!

एका दुपारी पुण्याहून बाबांचा मेसेज आला. ऊन, पाणीकपात, सोसायटीची मीटिंग. सगळ्यात खाली: ‘ता. क. घास अजून अडकतो.’

अजून? मी त्यांचे मागचे तीन मेसेज उघडले. तिन्हींत तोच ता. क. होता. प्रत्येकाखाली मी पाठवलेला अंगठा.