हात खिशात, काका!

बोर्डवर धूळ साचते तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साचतात. धूळ निदान ब्लोअरनं उडते. किस्से सांगितले की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरंच?"

न्यू टाउनमधल्या दोन खोल्या. मालक भिडेकाका, सरकारी कंपनीतून रिटायर झालेले. हाताखाली अनिकेत आणि मी, सई. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कंपनीनं दिलेलं फर्मवेअर, म्हणजे बटण दाबताच सगळ्यांत आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, आम्ही पुसतो. त्या जागी ओपन सोर्स घालतो, ज्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते. त्यावर एक महासंशयी ऑपरेटिंग सिस्टिम, जी प्रत्येक काम वेगळ्या बंद खोलीत ठेवते. गिऱ्हाइकं म्हणजे वकील, पत्रकार आणि ज्यांना सतत वाटतं की मागून कोणीतरी बघतंय.

*

मशीन देताना केसच्या स्क्रूंवर मी चमकीची नेलपॉलिश लावते आणि फोटो काढते. चमकीचे कण पुन्हा तसेच बसत नाहीत. कोणी स्क्रू उघडला तर लगेच कळतं.

"हे काय ब्यूटी पार्लर आहे?" काका म्हणाले होते.

अलीपूरचे एक वकील तपासणीसाठी मशीन घेऊन आले. चमकी फोटोशी जुळेना!

"घर में और कौन रहता है?" मी विचारलं.

"कोई नहीं, मैं अकेला ही तो..." ते बोलता बोलता थांबले. चहा तसाच टाकून उठले आणि त्या दिवशी घरी न जाता हॉटेलात राहिले.

*

काकांचं ठाम मत, बंद म्हणजे बंद. मी त्यांना एक बंद मशीन दाखवलं. पडदा काळा, पंखा थांबलेला, पण मागचा नेटवर्कचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे आतून जागंच असतं, काका. प्लग काढेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी भिडेकाकूंचा मला फोन. "अगं, ह्यांनी मिक्सरचासुद्धा प्लग काढून ठेवलाय! तो काय बघणार आहे माझं?"

*

नवं फर्मवेअर घातलं की पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो. बोर्ड आपली मेमरी ओळखत असतं. तेवढा धीर काकांच्या पिढीकडे नाही! "गेलं, गेलं!" करत ते बटण दाबायला धावायचे. अनिकेत मानही वर न करता ओरडायचा, "हात खिशात, काका!"

एकदा त्यांनी ऐकलं नाही. बटण दाबलं आणि बोर्ड खरंच गेलं.

"बघ, म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले.

*

आमच्या मशीनची एक रीत आहे. तुम्ही पासवर्ड देण्याआधी ते तुम्हाला एक वाक्य दाखवतं. तुम्हीच ठरवलेलं, फक्त तुम्हाला माहीत असलेलं. फर्मवेअरच्या चिपला कोणी हात लावला असेल, तर वाक्य उमटतच नाही. म्हणजे आधी मशीन स्वतःची ओळख पटवतं, मग तुम्ही तुमची.

काकांनी आपलं गुप्त वाक्य ठरवलं आणि आम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "बरंय का?"

अनिकेतनं त्याचं कधीच सांगितलं नाही.

*

दुर्गापूजेच्या जरा आधी अनिकेत डेंग्यूनं गेला.

त्याची आई सामान न्यायला आली. त्यांनाही मी काकूच म्हणते. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बरोबरची शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "काही खातच नाहीत गं."

"हे चालू करून दाखव," काकूंनी त्याच्या मशीनकडे बोट केलं. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला होता. पण वाक्य आलं:

आधी जेव. मग बस खुडबुडत.

"हे तर माझं," काकू म्हणाल्या. "रोज मीच ओरडायचे त्याला."

मी माझा डबा पुढे केला. त्या जेवल्या.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी त्या स्वतःचा डबा घेऊन येतात. वाक्य उमटतं, त्या "हो रे" म्हणतात आणि पोटभर जेवतात. एरवी नुसता चहा. त्या मशीनवर मी कागद चिकटवला: हात लावू नये.

*

गेल्या शनिवारी काकांनी हात लावला.

"चालू व्हायला फार वेळ घ्यायचं गं. ती बिचारी ताटकळते. म्हणून नवी चिप बसवली, फर्मवेअरही नवं घातलं."

"काका! वाक्य जुन्या चिपशी बांधलेलं होतं, आता ते उमटणार नाही! जुनी कुठाय?"

त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. काढताना एक पिन तुटली होती, म्हणजे ती परत बसणार नव्हती.

"तेच वाक्य आपण टाइप करून दाखवू," काका पुटपुटले.

"जगाला सांगायचं आमचं मशीन खोटं बोलत नाही, आणि त्याच्या आईशीच खोटं बोलायचं? मी त्यांना खरं काय ते सांगणार आहे."

पण काकू दारात आल्याच होत्या. मी तोंड उघडायच्या आत बसल्या, बटण दाबलं.

पडदा काळा. काळाच. काकू डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसलेल्या. काका दोन्ही हात खिशात घालून भिंतीला टेकलेले.

"काकू, आज..." मी म्हणाले.

पांढरी अक्षरं उमटली.

आधी जेव. मग बस खुडबुडत.

"हो रे," काकू म्हणाल्या आणि झाकण उघडलं.

जुनी चिप माझ्या मुठीत टोचत होती. मी काकांकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, सावकाश दोन्ही हात खिशातून बाहेर काढले आणि मला रिकामे दाखवले.