चुकलेलं पान दाखवणाऱ्या बाई

उमरग्याला बहिणीकडे गेले होते, तेव्हा मुरूमहून सरोजाबाईंच्या भाच्याचा फोन आला. "आत्या गेल्या," म्हणाला. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी लगेच निघाले. एसटीत खिडकीपाशी बसून मी रडले नाही, एवढं आठवतं. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला शेळीपालनाच्या एका पुस्तकावरून चांगलंच धारेवर धरलं होतं. ते भांडण अर्धंच राहिलं, हेच सारखं मनात येत होतं.

सरोजाबाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. निवृत्तीनंतर त्या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत माहितीपर पुस्तकांची परीक्षणं लिहीत, हे वाचकांना ठाऊक आहेच. विहीर, मोटार, द्राक्षबाग, मधमाश्या, प्रथमोपचार... कथा-कादंबऱ्या त्या वाचायच्या, पण त्यांच्यावर लिहायच्या नाहीत. "कादंबरी चुकली तर वाचणाऱ्याची संध्याकाळ जाते. शेतीचं पुस्तक चुकलं तर त्याचा हंगाम जातो," असं म्हणायच्या. मी भाषेवर जीव टाकणारी, त्यामुळे आमचं सुरुवातीला जमेचना. एकदा पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीवरचं एक पुस्तक आलं. त्यातलं पहिलंच वाक्य इतकं ओबडधोबड होतं, की मी ते मिटून ठेवलं. बाईंनी ते उचललं, घरातल्या बंद पडलेल्या कूलरचा पंप ओसरीवर आणला आणि पुस्तक पायापाशी उघडं ठेवून एकेक स्क्रू काढत गेल्या. पंप चालू झाला. घरात कन्नड बोलणाऱ्या बाई स्वतःशीच "सरी, सरी" म्हणजे बरोबर, बरोबर, असं पुटपुटल्या आणि मग मला म्हणाल्या, "भाषा वाईट हाय, ते मी लिहीनच. पण या मानसानं एक पायरी गाळली न्हाय, ते आधी लिहीन." त्या दिवसापासून मी पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचायला लागले.

पण बाई खऱ्या कळल्या त्या विश्वनाथ गुरुजींच्या पुस्तकाच्या वेळी. गुरुजी आमच्याच भागातले निवृत्त मुख्याध्यापक, बाईंचे जुने स्नेही. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या घरांसाठी प्रथमोपचाराचं पुस्तक लिहिलं, स्वतःच छापून घेतलं, आणि प्रकाशनाला बोलायला बाईंनाच बोलावलं. पुस्तक हातात पडलं ते समारंभाच्या आदल्या दिवशी. बाईंनी ते एका बैठकीत संपवलं आणि त्यातल्या चित्राप्रमाणे माझ्याच हाताला पट्टी बांधून बघितली. पट्टी नेमकी बसली. मग सर्पदंशाचं प्रकरण आलं. दंशाच्या वर दोरी करकचून आवळावी, ब्लेडनं चीर देऊन रक्त वाहू द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. बाई उठल्या आणि मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी ते पान वाचून मान हलवली. म्हणाले, "आवळायचं नाही, कापायचं नाही. माणसाला हलू न देता थेट इथं आणायचं."

सकाळी आम्ही गुरुजींकडे गेलो. दारात मांडव घातला होता, पाहुणे येत होते. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आमच्या लहानपनापासून असंच बघत आलो आमी. तरी तुमी म्हनता तर पुढच्या आवृत्तीत बघू. आज समारंभ होऊ द्या."

"गुरुजी, पुस्तकं आजच वाटायचीत ना?"

"व्हय. प्रत्येक शाळेला एक."

"मग पुढच्या आवृत्तीपर्यंत साप थांबल का?"

गुरुजी उठून आत गेले.

समारंभात बाई बोलायला उठल्या. बराच वेळ त्यांनी नुसतं पुस्तकाचं बळ सांगितलं. भाजल्यावरच्या प्रकरणात घरात सापडेल तेवढंच सामान कसं वापरलंय, चित्रातला हात बघणाऱ्याच्या बाजूनं कसा काढलाय, एकही अवघड शब्द समजावल्यावाचून कसा सोडलेला नाही. गुरुजींचा चेहरा फुलला होता. मग बाईंनी लोकांना सर्पदंशाचं पान उघडायला लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पान चुकलंय. यातलं काही करू नका." पुढं काय करायचं तेही सांगितलं आणि खाली बसल्या. गुरुजी जेवणाच्या पंगतीला आलेच नाहीत.

परतताना मी म्हणाले, "बाई, जरा कठोर झालं."

"झालं. मला लई वाईट वाटतंय, शैला. पन मला वाईट वाटलं म्हनून पान बरोबर होत न्हाय."

त्यांनी परीक्षणही तसंच लिहिलं. पुस्तक घरोघरी असावं असं म्हटलं, आणि ते एक पान बदलल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नये असंही. गुरुजींनी बोलणं टाकलं. बाजारात समोरून आले तर रस्ता बदलायचे. बाईंच्या तोंडून त्यांच्याविषयी वावगा शब्द मात्र मी ऐकला नाही. उन्हाळा असाच गेला. मग एका सकाळी गुरुजी बाईंच्या दारात उभे. हातात शिल्लक प्रतींचं गाठोडं आणि दुरुस्त मजकुराचे छापलेले कागद. शाळांत गेलेल्या प्रतीही ते स्वतः फिरून परत घेऊन आले होते.

"रागानं तुमचं परीक्षण लई वेळा वाचलं," ओसरीवर बसत ते म्हणाले. "चित्रातल्या हाताची बाजू माझ्या घरच्यांनीसुद्धा बघितली न्हवती. ती तुमी बघितली. मग म्हटलं, एवढं नीट वाचनारी बाई चूक तेवढी खोटी कशाला सांगल? दवाखान्यात जाऊन आलो मी."

बाईंनी आधी पाणी दिलं, मग खळ शिजवली. आम्ही तिघांनी मिळून प्रत्येक प्रतीत नवं पान चिकटवलं. त्या दिवशी बाई पोटभर हसल्या.

बाई गेल्यानंतर काही आठवड्यांनी भाच्यानं गुरुजींना आणि मला बोलावलं. त्यांची पुस्तकं शाळेला द्यायची होती. खोलीत खिडकीखालचं टेबल तसंच होतं, चष्म्याचं घर, टोक केलेली पेन्सिल. गुरुजी कपाटापाशी गेलेच नाहीत. पिशवीतून चार कागद काढून तसेच उभे राहिले. पुस्तकासाठी उष्माघातावर नवं प्रकरण लिहिलं होतं. "बाईंना दाखवायचं होतं... आता कोन बघनार?"

मी कागद घेतले आणि बाईंच्या खुर्चीवर बसून वाचू लागले. सुरुवात फारच चांगली होती. उन्हात काम करणाऱ्या बाईला पहिल्यांदा काय जाणवतं, ते इतकं साधं आणि खरं लिहिलं होतं की माझं मराठी शिकवणारं मन सुखावलं. खाली मात्र माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात थोडं थोडं पाणी घालावं, असं होतं. मी तिथं थांबले. ते पाणी श्वासनलिकेत जाईल, हे मला बाईंमुळेच ठाऊक होतं. मी पेन्सिल उचलली.

"सुरुवात फार सुरेख झालीय, गुरुजी."

"ते ऱ्हाऊ द्या. चुकलंय कुठं ते सांगा."

"दोन्ही सांगते," मी म्हणाले. "बसा तुम्ही."