रुळाला गाल लावणारा मामा

माझ्या मामाला सगळी गँग ‘ओळंबा’ म्हणायची. गँग म्हणजे रेल्वेचे रूळ राखणारी बारा माणसं, आणि मामा त्यांचा मुकादम. रोज सकाळी तो खडीवर पालथा पडायचा, गार लोखंडाला गाल लावायचा आणि एक डोळा मिटून लांबवर बघायचा. सूतभर खळगा असला तरी त्याला दिसायचा. मग पहारी लागायच्या, खडी ठोकली जायची, रूळ पुन्हा सरळ.

वहीत मात्र तो खळगा कधी उतरायचा नाही. “दुखणं बरं केल्यावर बोंब कशाला मारायची?” म्हणत मामा एकच शब्द लिहायचा, ‘ठीक’. तीस वर्षं ठीक! त्या वह्यांचा त्याला कोण अभिमान.

अशात वेगवान गाडीच्या नव्या मार्गाची मोजणी आली. तासाला तीनशे किलोमीटर धावणारी गाडी आपल्या देशाला झेपेल की नुसत्याच बाता, यावर गँगमध्ये रोज जुंपायची. तो मार्ग जुन्या रुळांना लागूनच जाणार होता. इंजिनीयर बाईंनी मामाच्या वह्या चाळल्या आणि खूश झाल्या.

“काका, अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या दगडापाशी एकही तक्रार नाही. जमीन पक्की दिसतेय. इथे साधा मातीचा भराव चालेल.”

मामा घरी आला तो ताटावरून तसाच उठला.

“कौतुक झालं ना वह्यांचं? मग तोंड का उतरलंय?” मामीनं विचारलं.

“तेच तर झालं. तिथली जमीन दरवर्षी दोन बोटं खचते. आम्ही रूळ उचलतो, म्हणून कळत नाही. आता सांगितलं तर तीस वर्षांवर पाणी.”

“आणि नाही सांगितलं तर त्या गाडीतल्या माणसांवर. जगाचे रूळ सरळ करता, स्वतःला तेवढं जमेना?”

सकाळी मामा गँगदेखत म्हणाला, “बाई, माझ्या वह्या खऱ्या नाहीत.”

“मुकादम, चार महिन्यांवर निवृत्ती आलीय, गप बसा की!” मागून कोणीतरी कुजबुजलं.

बाई भडकल्या. “काका, रोग लपवलात तुम्ही!”

“लपवला. चला, दाखवतो.”

यंदाचा खळगा अजून भरायचा होता. मामानं रुळाला गाल लावला. कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या बाईही शेजारी खडीवर पालथ्या पडल्या.

“काहीच दिसत नाही, काका.”

“रूळ नका बघू, त्याची कड बघा.”

“हो की! झोळ आहे!”

यंत्रानं भोक पाडलं, तर बारा मीटर खोलवर नुसता काळा चिखल. नकाशा बदलला. भराव गेला, खोल पायाच्या खांबांवर पूल आला.

गाडी येईल तेव्हा येईल. खांब उभे आहेत. मामाला मात्र रेल्वेकडून लेखी ताशेरा मिळाला, ‘नोंदी अपुऱ्या ठेवल्या’. तो कागद त्यानं चौकटीत बसवून भिंतीला लावलाय. गँगमध्ये येणाऱ्या नव्या माणसाला आधी पूल दाखवतो, मग घरी आणून कागद वाचायला लावतो. आणि वाचणारा अडखळला, तर स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवतो.