खडूची फुली

आमच्या आणि देवतळ्यांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. त्यामुळे ट्रॅक्टर माझ्या पाचवीलाच पुजलेले आहेत. अवधपुरीत घर घेतलं तेव्हा कॉलनी अगदी शांत आहे असं आम्हाला सांगितलं होतं. सांगणाऱ्याने दिवेलागणीला इथे कधी पाय ठेवला नसावा.

जयंतराव देवतळे मूळचे नागपूरचे. इकडे हिंदी मुलखात बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यात मशिनं तपासण्याच्या विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, भजनाला जातात. यांनी शेड बांधलं. रायसेन रोडकडच्या गावांतले लोक तिथे जुने डिझेल ट्रॅक्टर घेऊन येतात, ज्यांना इंजिनाचा वेग दाखवणारं मीटर एक तर कधी नव्हतंच, नाहीतर बंद पडून जमाना झालाय. ट्रॅक्टरवर जनरेटर चालवायचा तर यांच्या हिशेबात इंजिनाने मिनिटाला दीड हजार फेरे घ्यायला हवेत. कमी फिरलं तर दिवे मलूल होतात आणि जास्त फिरलं तर भर लग्नात मांडवातले दिवे उडतात.

त्यांची पद्धत मला झोपेत विचारली तरी सांगता येईल. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर मधून कडेपर्यंत खडूची एक रेघ ओढायची. अंधारून आलं की शेडमधली ट्यूबलाइट लावायची, इंजिन सुरू करायचं आणि वेग हळूहळू वाढवत पुलीकडे बघत राहायचं. एका क्षणी ती एकच रेघ चार ठिकाणी दिसू लागते आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवर पांढरी फुली जागच्या जागी उभी राहते. फुली पुढे सरकली तर वेग जास्त, मागे सरकली तर कमी. उभी राहिली की दीड हजार. मग वेग कमी-जास्त करायच्या थ्रॉटलच्या दांड्यापाशी रंगाची खूण करायची. तेवढा वेळ मीसुद्धा आवाजावरून चाललेलं आमचं भांडण विसरून भिंतीवरून बघत राहायचे.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, प्रमिलाताईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं जयंतराव करतात. साखर आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सिरिंजवरच्या त्या बारीक रेघा बघून औषध ओढायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. माणूस थकला होता. पाठ वाकली, दाढी वाढलेली असायची, ओट्यावर चहा गार होऊन पडलेला असायचा. ट्रॅक्टर आला की मात्र शर्ट बदलून बाहेर यायचे.

पुण्याचा मुलगा पराग दर वेळी म्हणायचा, घर विका आणि माझ्याकडे चला. पोरगा चांगला आहे, पण त्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आणि घरात दिवसभर कुणी नाही. इथे खाटेवरून प्रमिलाताईंना रस्ता दिसतो, भाजीवाला हाक मारून जातो, मी दोनदा डोकावते. जयंतराव त्याला एकच सांगायचे, की माझे डोळे आणि हात चालतायत तोवर आम्ही इथेच.

गेल्या दिवाळीत पराग आला आणि त्याने वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आल्यासारखं घरही नीट केलं. नळ बदलले, जुन्या ट्यूबा काढून सगळीकडे एलईडी पट्ट्या लावल्या, अगदी शेडमध्येसुद्धा. काळा चष्मा लावून जयंतरावांनी स्वतः शिडी धरली होती. उजेड बरा पडतो म्हणून कौतुकही केलं.

त्यानंतर पहिला ट्रॅक्टर आला तो श्यामचा. श्याम लग्नांना जनरेटर लावतो आणि यांना काकाजी म्हणतो. जयंतरावांनी रेघ ओढली, इंजिन चढवलं, आणि फुली दिसेचना. पुलीवर नुसता पांढरट धुरळा. वेग वाढवून बघितला, उतरवून बघितला, चष्मा पुसला. शेवटी परागने आणून दिलेलं, फेरे मोजायचं लेझर मीटर खोक्यातून काढलं. मीटर दीड हजार दाखवत होतं आणि फुलीचा पत्ता नव्हता.

मीटरवरच काम भागव, असं श्याम म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "काकाजी, आप देख के बोलो। मशीन का क्या भरोसा."

जयंतराव काम तसंच टाकून आत निघून गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. यांना ते पटलं नाही. म्हातारा माणूस बघून डॉक्टरने समजूत घातली असणार, असं म्हणाले. त्या दिवसापासून इन्सुलिन भरून झालं की सिरिंज घेऊन माझ्या दारात यायचे आणि मला रेघ बघायला लावायचे. रेघ दर वेळी बरोबर असायची. मी चिडून तसं सांगायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघून पुन्हा एकदा रेघ तपासायचे. उन्हाळा लागता लागता ते म्हणाले, "विनितावहिनी, रविवारी परागला फोन करतो. येऊन घेऊन जा म्हणतो. माझ्या हातून तिचं काही कमी-जास्त झालं तर?"

इतकी वर्षं त्या आवाजाला कावलेली मी, पण शेड बंद होणार हे मला नको होतं.

शनिवारी संध्याकाळी मी प्रमिलाताईंच्या खाटेशी बसले होते. श्याम ट्रॅक्टर घेऊन आलाच होता. एकदा बघाच म्हणून हट्ट धरून बसला होता. जयंतरावांनी त्याच्या समाधानासाठी बघितलं, पुन्हा तोच धुरळा, आणि इंजिन बंद करायला लावून ते आत आले. एकदम सगळं शांत झालं. प्रमिलाताईंनी डावा हात उचलून खिडकीतून शेडकडे दाखवला.

"चोक," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "गुणगुण नाही."

त्या जुन्या ट्यूबच्या चोकची गुणगुण त्यांना कधीच सोसली नव्हती. धडधाकट होत्या तेव्हा रोज त्यावरून वाद. दिवा बंद करा, डोकं उठलंय, हे वाक्य मी भिंतीपलीकडून किती वेळा ऐकलं असेल. जयंतराव पाण्याचा पेला हातात धरून उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे मला ती फुली कळली. जुनी ट्यूब विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लागते आणि विझते. डोळ्याला ते कळत नाही, पण दीड हजारांच्या वेगात पुली एक फेरा घेते तेवढ्यात ट्यूब चार वेळा लागते आणि दर फेऱ्याला रेघ त्याच चार जागी सापडते, म्हणून फुली दिसते. नवी पट्टी विझतच नाही. मग फुली कुठून दिसणार? जन्मभर ज्या उजेडात मशिनं तपासली, तो उजेड उतरवताना शिडी यांनीच धरली होती.

श्यामने माळ्यावरून जुनी ट्यूब चोकसकट काढली, धूळ झटकली आणि जोडली. ती दोन-चारदा फडफडली आणि लागली. इंजिन सुरू झालं. जयंतराव पुढे वाकले. फुली आली, जराशी मागे सरकली, आणि थांबली.

"दिसतंय," ते म्हणाले आणि स्टुलावर बसून रडले. आनंदापेक्षा त्यात थकवाच जास्त होता. इतके महिने हा माणूस स्वतःला आंधळा समजून बायकोला सुई टोचत होता, आणि ते मला तेव्हा नीटपणे कळलं.

श्याम गेला. रविवारच्या फोनचा विषय कुणी काढला नाही. खाटेवर प्रमिलाताईंना वळवून झाल्यावर जयंतराव नेहमीसारखे शेडमधला दिवा बंद करायला निघाले. बाहेर चोक गुणगुणत होता. प्रमिलाताईंनी त्यांची बाही धरली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चालू दे."