मसाल्याखालची काळी रेघ

"दाढेत भरलेला मसाला वरून शाबूत आहे," यवतमाळच्या डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाल्या. "खालची दाढ पोखरली जातेय. नस जिवंत आहे का, ते उघडल्यावरच कळेल."

आरशात तीच दाढ नव्यासारखी चमकत होती. एक्स-रेत पांढऱ्या मसाल्याखाली काळी रेघ. दुसऱ्या बाजूच्या दाढा आधीच काढलेल्या. ही गेली तर चावायचं कशानं?

ती दारव्ह्याला भरली होती, बाजाराच्या दिवशी. सोबत आत्या होती. खाली गावाकडे जाणारा जीपवाला ओरडत होता. आत्या तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, "थरावर थर कायले लावून राह्यले? घराले गिलावा हाय का? एकदमच भरा. जीप गेली तं मुक्काम तुमच्याच घरी!" डॉक्टर हसले. एकदमच भरलं.

मग काहीतरी विचित्र सुरू झालं. चावताना काही नाही. जबडा उचलला की कळ. जणू आतून कुणी घास धरून ठेवलाय. पाणी गिळून झाल्यावर दाढेला गार लागायचं. आत्या म्हणाली, "कीड हाय बाबू, धुरी घे." मी भांडलो, हे थोतांड आहे म्हणून. पण जेवताना थांबून दाढेतल्या किडीचा कानोसा घ्यायला मीच लागलो होतो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं. कॉम्पोझिट रेझिन, म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ मसाला. निळ्या उजेडात तो कडक होतो आणि कडक होताना आकसतो. बाँडिंग, म्हणजे तो दाताला चिकटवणारा पातळ थर. "मोठा गोळा एकदम आकसला की हा थर कुठेतरी सुटू शकतो. फट डोळ्यांना दिसत नाही. जंतूंना पुरते."

मसाला काढल्यावर बंद घर उघडल्यासारखा वास आला. डॉक्टर आतली कीड कोरत राहिल्या. माझ्या तोंडात रबर डॅम होता, म्हणजे थुंकी दाढेपर्यंत येऊ नये म्हणून ताणलेला रबराचा पडदा. नसेचं काय, ते विचारताही येईना.

"नस वाचलीय," त्या म्हणाल्या. मग थोडा मसाला, उजेड. पुन्हा थोडा, पुन्हा उजेड.

त्यांचे आभार मानताना मला रागही आला. जीपची घाई आत्याची होती. "नाही" म्हणणं दारव्ह्याच्या डॉक्टरांचं काम होतं. गावाकडच्या माणसाला घाई असतेच, म्हणून त्याच्या दाताला कमी वेळ द्यायचा? खुर्चीत बसण्याआधी विचारा: थरांनी भरणार का? दाढ कोरडी ठेवणार का? डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

काल त्याच बाजूनं भाकरी चावली. जबडा उचलला. आतून कुणीही काही धरलं नाही.