सड्यावरचा किडा

रत्नागिरीत आले तेव्हा सहावीत सुटलेली शाळा आणि बरं अक्षर एवढंच गाठीला होतं. मी यवतमाळकडची, नवरा हातखंब्याजवळ महामार्गाच्या कामावर रोलर चालवायचा. कॉलेजात किड्यांवर काम करणाऱ्या मॅडमनी मला बाटल्या धुवायला ठेवलं आणि अक्षर बघून चिठ्ठ्या लिहायला बसवलं. खुर्ची दिली, तीही पंख्याखाली. ते उपकार मी विसरणार नाही.

प्रत्येक बाटलीत चिठ्ठी घालायची: किडा कुठे सापडला, कधी, कुणाला. “अर्धवट लिहायचं नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा.” त्या धास्तीनं मी जरा जास्तच लिहायची.

हिवाळ्यात आंब्याच्या बागेच्या राखणदारानं एक किडा आणला. तांदळाच्या कणीएवढा, काळा. पंखांवरची झाकणं इतकी आखूड, की शिंप्यानं ब्लाऊजचं माप चुकवलंय असं वाटावं. खालचं उघडं पोट विंचवासारखं वर उचललेलं.

“कुठं भेटला हा?”

“सड्यावर गावला गो वहिनी.”

आमच्याकडे सडा म्हणजे सकाळी अंगणात शिंपडतात ते शेणाचं पाणी. मी लिहिलं, ‘अंगण, शेणाचा ताजा सडा.’ ‘ताजा’ माझ्या मनाचा.

मॅडम महिनाभर त्याच्या मागच्या टोकाकडे मायक्रोस्कोपातून बघत बसल्या. ह्या किड्यांची ओळख तोंडावरून पटत नाही म्हणे. मग एकदा म्हणाल्या, “ह्याचं वर्णन जगात कुणीच केलेलं नाही.” त्यांनी केलं. लॅटिनमध्ये नाव ठेवलं, अर्थ ‘अंगणात राहणारा’. लेख तपासणाऱ्या परदेशी साहेबानं विचारलं, हे लोक अंगणात शेण का टाकतात, आणि थर किती जाड असतो?

मॅडम आठ दिवस सकाळी शेजारच्या काकूंच्या अंगणात पट्टी घेऊन उकिडव्या बसल्या. किडा फिरकला नाही. काकू म्हणाल्या, “माझा सडा पातळ होतो का हो? सांगा, उगाच किड्याचं अडायला नको.”

लेख छापून आला. मी राखणदाराला पेढा दिला.

“अजून पायजेत तर सड्यावर चला. दगडाखाली रग्गड हायत.”

“कुणाच्या अंगणात?”

“अंगण कसलं? सडा गो, सडा.” त्यानं खिडकीतून डोंगरावरचा काळा, सपाट कातळ दाखवला.

पुढचे दोन दिवस मी एकच बाटली धूत होते. नवऱ्याला म्हटलं, “अहो, सामान बांधून ठेवा.” तो म्हणाला, “किड्यापायी?” तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी छापलेला लेख उघडला आणि किड्याच्या नावावर बोट ठेवलं.

“नाव बदलून टाका ना,” मी म्हटलं.

“बदलता येत नाही. एकदा छापलं की चुकीचं असलं तरी तेच राहतं. नियमच आहे.” त्यांनी चष्मा काढला. “मी इथेच जन्मले, इथं सडा कशाला म्हणतात ते मला ठाऊक. अंगणात पट्टी घेऊन बसण्याआधी राखणदाराला विचारायला काय झालं होतं मला? आता दुरुस्तीचं पत्र छापायला देऊ. आणि तू, माणूस बोलला तेवढंच लिहायचं. अर्थ मी लावीन.”

“म्हणजे उद्या येऊ मी?”

मॅडम टेबलाखाली चपला शोधत होत्या. “उद्या कशाला? आत्ताच वर सड्यावर जाऊ. बाटल्या घे.”