तुळईतले भुंगे

आमच्या रहाटणीच्या घरामागे पॅशन फ्रूटचा मांडव आहे आणि त्या मांडवाखाली माझ्या वडिलांची खुर्ची आहे. या दोन गोष्टी एकाच जागी आहेत, हीच माझी तक्रार आहे.

आई गेली आणि त्याच वर्षी अण्णा कंपनीतून निवृत्त झाले. जन्मभर ड्रिलिंग मशीनपुढे उभा राहिलेला माणूस भिंतीकडे बघत बसायला लागला. मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून त्यांनी हट्ट धरला, किवीच लावायची. नर्सरीवाला म्हणाला, काका, ती थंडीतली वेल, इथं फुलायचीच नाही. आणि फुलली तरी नर वेगळा, मादी वेगळी. त्यानं पॅशन फ्रूटच्या दोन वेली गळ्यात मारल्या. चाकणच्या कंपन्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात, त्यांचं मऊ पाइन लाकूड भंगारात मिळतं. ते आणून अण्णांनी मांडव ठोकला.

फुलं अशी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पांढऱ्या पाकळ्या, जांभळी झालर. दुपारी उमलायची, संध्याकाळी मिटायची आणि गळून पडायची. फळ एक धरेना. एका वेलीचा पराग दुसरीच्या फुलाला लागावा लागतो म्हणे. मग अण्णा भर उन्हात स्टुलावर चढून, कान कोरायच्या काडीनं या फुलाचा पराग त्या फुलाला लावायला लागले. रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा माणूस, आणि स्टुलावर! मी बोंब मारायचे, ते ऐकायचे नाहीत.

म्हणून भुंगे आले तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. काळे, गलेलठ्ठ. फुलात शिरायचे, पाठ पिवळी करून घ्यायचे आणि दुसऱ्या वेलीवर जायचे. स्टूल अडगळीत गेलं. वेलींवर हिरव्या फळांची गर्दी झाली आणि अण्णा पुन्हा रोज दाढी करायला लागले.

एका सकाळी त्यांच्या खुर्चीवर पिवळसर भुसा दिसला. मी झटकला. दुसऱ्या दिवशी परत. वर बघितलं तर तुळईला खालून गोल भोक, बोट जाईल एवढं. आत काहीतरी कुरतडत होतं.

"कसं मारलंय बघ," अण्णा कौतुकानं म्हणाले. "असलं भोक आमच्या मशीनवर बी पडत नव्हतं."

"अण्णा, तुळई पोखरतायत ते. औषध मारून घेऊ."

"आन् फुलांकडं कोण बघायचं? तू रजा टाकणार हाईस का?"

भोकं वाढत गेली, फळंही. गेल्या पावसाळ्यात अण्णा चहाला आत आले आणि मागं कडाडकन आवाज झाला. तुळई मधोमध मोडून, फळांनी लगडलेल्या वेलीसकट खुर्चीवर पडली होती. खुर्चीचा एक हात तुटला होता. मी त्या खुर्चीकडे बघत होते. अण्णा मात्र कपबशी हातात तशीच धरून, वाकून, भुंगे जिवंत आहेत का ते बघत होते.

मी वेल्डरला बोलावलं, लोखंडी मांडव करून घ्यायला. अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "लोखंडात भुंगं ऱ्हात न्हाईत," म्हणाले आणि भंगारातून नवी तुळई घेऊन आले. तेच मऊ लाकूड. निदान खुर्ची तरी सरकवा म्हटलं, तर म्हणे, सावली तिथंच पडते. मी भांडले, रडले, अबोला धरून बघितला.

"फळच न्हाई धरलं, तर म्या कशासाठी बसू तिथं?" त्यांनी विचारलं. मी खुर्चीचा हात बांधायला तार शोधून दिली.

आता खुर्चीचा हात तारेनं बांधलाय आणि ती होती तिथंच आहे. भुसा पुन्हा पडायला लागलाय. पॅशन फ्रूट पिकलं की आपोआप गळतं, धप्पकन. तो आवाज आला की पोळी तव्यावर तशीच सोडून मी ओरडते, "अण्णा?"

ते लगेच ओ देत नाहीत. आधी वाकून फळ उचलतात.